बायजाबाईचा उंबरा

१७ एप्रिल, सोमवार

माल आला. पेव्हर ब्लॉक साठ मिलिमीटर, ५२०० नग, नगाला १४ — ७२,८००. दगडाची कच अडीच ब्रास — ७,०००. कडेचे कर्ब १०० नग — ९,०००. सिमेंट १२ गोण्या — ४,४४०. पेणहून ट्रकभाडं — ४,५००. मागच्या खेपेस चार हजार होतं! नारळ ५ — १५०. हे म्हणाले, एकच पुरे होता. असेल. देवापुढे मी हात आखडत नाही. बाकी सगळीकडे आखडते म्हणून तर धंदा उभा आहे.

ब्याऐंशी ब्लॉक फुटलेले निघाले. मी स्वतः ट्रकमागे उभी राहून मोजले. ड्रायव्हर म्हणाला, रस्ता खराब आहे काकी, आम्ही काय करणार. म्हटलं, भाड्यातून कापते. तर म्हणे, तुमच्यासारख्यांनीच केलेला रस्ता आहे. वर हसला! ११४८ कापून हातावर ठेवले.

२० एप्रिल

तळेवाडीच्या गल्लीचं काम सुरू झालं. एकशे ऐंशी फूट, बारा घरं. नारळ सखाने फोडला. सखा मामंजींच्या हाताखाली तयार झालेला मिस्त्री, बावीस वर्षं आमच्याकडे. आज मात्र घुश्शातच होता. चहा दिला तर ‘ठेवा थितं’ म्हणाला. विचारलं नाही. माणसाला एकेक दिवस असतो.

२६ एप्रिल

काम पुरं. कॉम्पॅक्टर फिरवून झाला, सांध्यांत कच भरली. पंचायतीच्या बांधकामाचे साहेब पाहणीला आले. अर्धी गल्ली चालले, बुटाने दोन ब्लॉक ठोकले, ‘छान’ म्हणाले. मग आमच्याकडे येऊन दोन बशा पोहे खाल्ले. पाहणी पोह्यांचीच जास्त झाली.

३० एप्रिल, रविवार

तळेवाडीहून फोन. वरच्या टोकाच्या घरी हळद होती, टँकरचा नळ उघडा राहिला, अर्धा तास पाणी वाहिलं. अकरा घरांच्या दारांवरून गेलं, आत थेंब नाही. बारावं बायजाबाईचं. तिच्या उंबऱ्यावरून सरळ आत! बियाण्याचं भात भिजलं, दोन गोण्या.

आणि दोष कोणाला? आम्हाला. नळ उघडा ठेवणारा हळदीत नाचत होता, त्याला कोणी विचारत नाही.

१ मे, सोमवार. एकादशी

सकाळी दहाला दारात तिघी जणी. पुढे अनिता, बायजाबाईची सून. ओट्यावर बसा म्हटलं तर बसली नाही. आमच्या अष्टमी गावातल्या अर्ध्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली. सासरा जाऊन महिना नाही झाला, नि घरात गुडघाभर चिखल म्हणे. (गुडघाभर! साहेबांचा माणूस म्हणाला, घोटाही बुडला नाही.) मी म्हटलं, बाई, काम नियमाने झालंय. तर म्हणाली,

“पाच नारळ देवाला, नि पानी आमच्या घरात. वाटप बरा केलात, वैनी.”

बरोबरच्या दोघी हसल्या. माझा निर्जळी उपास. अंगाची लाही झाली, पण तोंडातून शब्द काढला नाही. इथे काढते.

आमच्या कामाला नियम आहे. तो मामंजींनी घालून दिला. गल्लीत सर्वांत खाली ज्याचा उंबरा, त्याच्याही चार बोटं खाली आपला ब्लॉक राहिला पाहिजे. घरातला माणूस रस्त्यावर उतरला पाहिजे, रस्ता घरात उतरता कामा नये, असं म्हणायचे. बाकीचे कंत्राटदार जुन्यावर नवं थापत जातात नि लोकांची घरं खड्ड्यात घालतात. आम्ही आधी उंबरे मोजतो, मग तेवढं खोदतो. मामंजी गेल्यापासून उंबरे मी मोजते. दुपारी घरी बायकाच असतात, तिथे बाई गेलेली बरी. दारी जायचं, घरच्या बाईला हळदकुंकू लावायचं, पाण्याच्या नळीचं एक टोक उंबऱ्याशी धरायचं. दुसरं टोक गल्लीच्या तोंडाशी खुंटीला, तिथे सखा. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर राहतं, त्यावरून उंबरा खुंटीपेक्षा किती इंच वर ते कळतं. आकडा वहीत. सोळा वर्षांत एक तक्रार नाही.

आणि सखाची पातळीची दोरी? चुकायची नाही. चुकलं असेल तर त्यांचं घर. मातीचा पाया, मागे मोरीसाठी खणलेलं, घर दबणार नाही तर काय होईल? दबलं घर त्यांचं नि शिव्या आम्हाला!

३ मे

साहेब पातळी मोजायचं मशीन घेऊन आले. गल्ली बायजाबाईच्या उंबऱ्यापेक्षा अर्धा इंच वर. मी म्हटलं, घर दबलंय, वर्षभरापूर्वीचं मोजून दाखवा. ते माझ्याकडे न बघता ह्यांच्याशीच बोलत राहिले. फर्म माझ्या नावावर आहे, हे त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. तरी नाही.

जाताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, बायजाबाईच्या दारात सिमेंटचा चार इंची कट्टा घालून द्या, प्रकरण मिटेल. कट्टा! म्हातारीने रोज त्यावर पाय अडखळायचा, नि पावसाळ्यात गल्लीचं पाणी बाहेर तुंबून भिंतीत मुरायचं. दोन, चूक कोणाची झाली नि त्याच्यावर काय कारवाई केली, ते आठ दिवसांत लेखी द्या. नाहीतर फर्म यादीतून बाहेर.

आज पोहे केले नाहीत.

५ मे

लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

रात्री जेवण झाल्यावर ह्यांनी कागद पुढे ठेवला. पंचायतीला जाणारी पत्रं मीच लिहिते, ह्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही. सांगू लागले. ‘पातळी घेण्यात मिस्त्री सखा यांजकडून निष्काळजीपणा झाला असून त्यांस कामावरून कमी करण्यात आले आहे.’ मी पेन ठेवलं. म्हटलं, सखाकडून? तुमच्या वडिलांनी ज्याच्या हातात ओळंबा दिला त्याच्याकडून? हे म्हणाले, अगं कुणाचं तरी नाव पाहिजे त्यांना. घर दबलं हे साहेब मानत नाहीत. मग उरलं कोण? मी मोजतो का? तू मोजतेस, पण तू बाई, तुझं नाव कसं देऊ? सखा समजून घेईल. दोन महिन्यांनी परत बोलावू.

मी खूप बोलले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, इतकं कधी बोलले नव्हते. हे ऐकत होते नि घड्याळाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, यादीतून नाव गेलं तर सात माणसं घरी बसतील, एकट्या सखाचं काय घेऊन बसलीस?

लिहिलं. सही केली. दोन्ही माझंच.

६ मे

ह्यांना जेवण वाढलं. ताक दिलं नाही.

९ मे

बाजारात शांती भेटली, सखाची बायको. भाजीवालीपाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, माझ्याकडे न बघता गवार निवडत राहिली. मीच विचारलं, सखा कुठे आहे. म्हणाली, घरातच हाय, कुटं जातो. पेणला एका कंत्राटदाराकडे गेला होता, लागलीच परत पाठवला. रोह्यात दोघांकडे गेला, तिथेही तेच. पंचायतीतलं पत्र सगळ्यांना ठाऊक झालंय. कोणीतरी फोटो काढून मोबाइलवर फिरवला.

मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“अक्षर लय सुंदर हाय म्हनतात तुमचं, वैनी. कुनी पन वाचावं.”

गवार न घेताच मी निघाले. कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत तरातरा आले. संताप. त्या फोटो काढणाऱ्याचा संताप, साहेबांचा, ह्यांचा. बावीस वर्षं ज्याने शेकडो गल्ल्या पाण्यासारख्या सपाट केल्या, त्याला आता कोणी दोरी धरायला उभं करत नाही. आणि चूक कोणाची? एका दबलेल्या घराची!

ठरवलंय. घर दबलंय हे मी सिद्ध करीन. बायजाबाईच्या तोंडून वदवीन. अकरा तारखेला जाते. हे पेणला जाणार आहेत.

११ मे, गुरुवार

एस.टी.ने गेले. टेप घेतली, वही घ्यायची राहिली.

अनिता शेतावर गेलेली, बरं झालं. बायजाबाई दारात बसून भिजलेल्या भाताला ऊन देत होती. बियाणं आता रुजायचं नाही, दळून भाकरीला घालू म्हणाली. मी सरळ विषयाला आले. भिंतीला हात लावून म्हटलं, बायजाबाई, घर किती दबलंय गं तुमचं? उंबरा पूर्वी एवढा खाली नव्हता ना?

ती म्हणाली, उंबरा होता तिथेच आहे. सासऱ्याने घातलेला दगड, लग्न होऊन आले तेव्हा ह्याच दगडावर माप ओलांडलं. आळीत पहिल्यापासून आमचंच घर खाली, गावाला माहीत आहे. पावसाळ्यात पोरं यायची आमच्या दाराशी होड्या सोडायला, पण पाणी आत नाही यायचं. गल्ली अजून खाली होती तेव्हा.

मी म्हटलं, असं कसं? मी मोजलंय ना.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. रागावलेली अजिबात नव्हती. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

“तू नाय आलीस गो माज्या दारात. समद्यांकडं गेलीस. आमचा माणूस जाऊन पाच दिवस झालेले, तू पलीकडूनच नमस्कार केलास नि पुढं गेलीस. मला वाटलं, बरोबर हाय, मला आता कुंकू कशाला लावंल. पन कुंकू मला नको व्हतं गो. नळी तेवडी लावायची व्हतीस ना.”

 चहा दिला तिने, प्याले. एस.टी.त खिडकीशी बसले तर कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं.

१२ मे

वही काढली. नऊ एप्रिलचं पान. बारा आकडे.

अकरा आकड्यांशेजारी कुंकवाच्या बोटाचा डाग आहे. कुंकू लावायचं, त्याच हाताने लिहायचं, डाग पडतोच. बायजाबाईच्या आकड्याशेजारी डाग नाही. स्वच्छ. अकरा इंच. शेजारच्या घराचेही अकरा. त्यांच्यावरून उचलले.

सगळं आठवलं. घरी पोथीचं पारायण बसलं होतं, तिसरा दिवस. सोवळं कडक. सुतकाच्या घराला शिवायचं नाही. आणि नळी? नळी मी देवघराखालच्या फळीवर ठेवते, दसऱ्याला तिची पूजा करते. ती सुतकाच्या उंबऱ्याला लावून परत देवाजवळ कशी न्यायची? म्हणून नाही लावली. दोन्ही घरं एका ओळीत, एका काळची दिसली, लिहून टाकलं. दहा दिवस थांबले असते तर चाललं असतं. नवी नळी आणली असती तर चाललं असतं. किती येते नळी? तीनशे रुपयांत येते! तीनशे रुपये!

कोणावर संतापू आता? लिहिता लिहिता शोधते आहे, सापडत नाही.

दुपारी सखाकडे गेले. अंगणात जाळं तुणत बसला होता. मिस्त्रीच्या हातात जाळं. मला बघून उठला नाही. मी उभ्यानेच म्हटलं, सखा, उंबरा मी मोजला नव्हता.

“माहीत हाय,” म्हणाला. “मी इचारलं व्हतं तुमाला. त्या घरचा आकडा कसा काय आला म्हनून. तुम्ही बोललात, लिवलाय तेवडा कर.”

म्हटलं, मग परत का नाही बोललास? ब्लॉक बसवताना तुला दिसलं असणार.

दिसलं म्हणाला. जाळ्याची एक गाठ आवळली.

“मी बोललो, मी धरतो नळी थितं, तुम्ही खुंटीशी रावा. तर तुम्ही नळीच काढून घेतलीत माज्या हातातनं. मी बायजाबाईच्या माणसाच्या मयताला खांदा दिलेला म्हनून. पाच दिवस आधी. आंगोळ करून आलेलो, वैनी. मग मला बी राग आला. म्हटलं, होऊं दे आता काय होतंय ते. त्यात माजी बी चूक हाय.”

त्याने ‘माजी बी’ म्हटलं. ह्यांनी पत्रात ‘सखा यांजकडून’ म्हटलं. आणि मी सुंदर अक्षरात लिहिलं.

शांतीने पाणी आणून दिलं. घेतलं. पहिल्यांदाच त्यांच्या घरी पाणी प्याले, बावीस वर्षांत. हेही लिहून ठेवते.

१४ मे, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. वही दाखवली.  मग हळूच म्हणाले, हे पान कोणी बघितलंय? मी म्हटलं, देवाने. तर म्हणाले, देव यादी करत नाही, साहेब करतात.

मग समजावायला बसले. कट्टा घालून झालाय कालच. (मला न विचारता!) प्रकरण मिटतंय. आता तू म्हणालीस की मालकिणीनेच मोजलं नाही, तर फर्म जाते, पुढची तीन कामं जातात. सखाला आपण घरखर्चाला देत राहू, पत्र कशाला? सुतकात न जाणं ही काय चूक आहे का, सगळ्याच पाळतात. तुझ्या भल्यासाठी सांगतो. देवाला पारायण घाल आणखी एक.

ह्याच वाक्यावर मी उठले. देवाच्या नावाने मी बायजाबाईचं घर बुडवलं, आता देवाच्याच नावाने ते झाकायचं! पारायणाने म्हातारीच्या दारातला कट्टा निघणार आहे? सखाला कोणी उद्या कामावर बोलावणार आहे? मी देवासमोर बसले, पण मागायला काही नव्हतं. गाऱ्हाणं घालायला दुसऱ्या कोणाचं नाव उरलं नव्हतं.

हे झोपायला गेले. जाताना म्हणाले, दोन दिवस जाऊ दे, तुझं डोकं शांत होईल.

माझं डोकं शांतच आहे. गेल्या महिन्यात एवढं कधी नव्हतं.

१५ मे, सोमवार. एकादशी

रजिस्टर पोस्टाने पाठवलं. नक्कल:

मा. ग्रामसेवक यांस —

दि. ५ रोजीचे माझ्या सहीचे पत्र खोटे आहे, ते रद्द समजावे. तळेवाडी गल्लीतील बायजाबाईंचा उंबरा मी मोजला नाही. त्यांच्या घरी सुतक होते म्हणून मी दारात गेले नाही व शेजारचा आकडा लिहिला. मिस्त्री सखा यांनी मला विचारले होते, मी ऐकले नाही. हे पत्र पहिल्या पत्राप्रमाणेच सर्वांना दाखवावे. दारातला कट्टा काढून, गल्ली बायजाबाईंच्या दारापासून खालच्या टोकापर्यंत माझ्या खर्चाने उकलून पुन्हा बसवायची आहे. पातळी सखा घेतील, ते तयार असल्यास. नळी मी धरीन, त्याच उंबऱ्याशी. फर्मबाबत जो निर्णय घ्याल तो मान्य. पावसाला दिवस थोडे आहेत. काम कोणत्या तारखेस सुरू करू, ते कृपया उलट टपाली कळवावे.

— वैशाली, मालक